'क्वांटम ऑफ सोलेस' : थांबायला तयार नसलेला उत्तरार्ध

तिसरी घंटा :
'कॅसिनो रोयाल' (२००६) संपतो तेव्हा गुप्त संघटनेचा माणूस मिस्टर व्हाइट पायात गोळी लागून आपल्या तळ्याकाठच्या घरासमोर पडलेला असतो आणि डॅनियल क्रेगचा बाँड प्रथमच त्या सुपरिचित पद्धतीने स्वतःचे नाव सांगतो. बाँडची प्रेयसी व्हेस्पर लिंड नुकतीच मरण पावलेली असते. 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) तिथून जेमतेम तासाभराने सुरू होतो. १९६२ पासून चाललेल्या या मालिकेत एका चित्रपटाची कथा इतक्या थेटपणे पुढच्या चित्रपटात चालू राहण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे तेव्हा माझ्या अपेक्षा फार मोठ्या होत्या.

अलीकडे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले आणि तेव्हाची निराशा कमी होण्याऐवजी अधिक नेमकी झाली. या चित्रपटाचा विषय निघाला की हॉलिवुडमधील लेखकांच्या संपाकडे बोट दाखवले जाते. संपाचा परिणाम झाला असणारच. परंतु मूळ कथेचा गाभा मला मुळीच कमकुवत वाटत नाही. प्रेयसीने विश्वासघात केला, तिचा मृत्यू झाला आणि तिच्यावर रागवावे की तिच्यासाठी रडावे हे न कळलेला एक माणूस कामात स्वतःला झोकून देतो, यापेक्षा चांगला गाभा हेरपटाला कुठे मिळणार? अडचण अशी आहे की चित्रपटाला कुठेही थांबायचे नाही. 'कॅसिनो रोयाल' १४४ मिनिटांचा होता. त्याचा उत्तरार्ध १०६ मिनिटांत आटोपतो आणि तोपर्यंतच्या बाँडपटांत तो सर्वांत लहान ठरला. पहिल्या चित्रपटात जिन्यावरच्या हाणामारीनंतर व्हेस्पर अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसून राहते आणि बाँड तिच्याशेजारी जाऊन बसतो. त्या दृश्यात कथा पुढे सरकत नाही, तरीही नंतर जे घडते त्याची सारी किंमत तिथेच ठरते. उत्तरार्धात माणूस मेला की आपण लगेच पुढच्या देशात पोहोचतो.

दोष पटकथेचा, संकलनाचा की आधीच्या चित्रपटाचे यश तातडीने वसूल करण्याच्या निर्णयाचा, याबद्दल तुमची मते वाचायला आवडतील.

चौकस :
तुमच्या निरीक्षणाशी मी सहमत आहे, परंतु संपाला इतक्या लवकर बाजूला सारणे मला मान्य नाही. घटनाक्रम पाहा. 'कॅसिनो रोयाल' प्रदर्शित होण्यापूर्वीच, २००६ मध्ये, पुढच्या बाँडपटासाठी मे २००८ ची तारीख जाहीर झाली होती आणि दिग्दर्शक म्हणून रॉजर मिशेल यांचे नाव घेतले जात होते. पटकथा हाती नाही म्हणून ते बाहेर पडले. पुढे तारीख २००८ च्या हिवाळ्यावर गेली आणि मार्क फॉर्स्टर आले. नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड यांच्या खर्ड्यावर पॉल हॅगिस यांनी काम केले आणि संप सुरू होण्याच्या अवघे काही तास आधी आपली प्रत सोपवली. संप ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ असा चालला, आणि चित्रीकरण जानेवारीतच सुरू झाले होते. म्हणजे सुरुवातीचे कित्येक आठवडे कागदावर एकही दुरुस्ती करण्याची मुभा कोणत्याही व्यावसायिक लेखकाला नव्हती. पटकथेचा केवळ सांगाडा हाती होता आणि आपण व फॉर्स्टर मिळून दृश्ये लिहीत होतो, हे क्रेग यांनी पुढे मुलाखतीत उघडपणे सांगितले आहे. आपण लेखक नाही, हेही त्यांनी तिथेच म्हटले आहे.

तुम्ही ज्या थांबण्याबद्दल बोलता, ते लेखकच लिहितो. सांगाड्यात 'इथे पाठलाग, इथे स्फोट' एवढे असते. शॉवरखालचे दृश्य अशा सांगाड्यात सापडणार नाही.

रानवाट :
माझी तक्रार साधी आहे. हैतीच्या बंदरातील नौकांच्या पाठलागात बाँड शेवटची नौका नेमकी कशी उलटवतो, हे मी अनेकदा पाहूनही मला कळलेले नाही. दोर किंवा आकडा कशाला तरी अडकतो, एवढेच लक्षात येते. प्रेक्षकाला युक्ती कळलीच नाही, तर नायकाच्या हुशारीचे कौतुक त्याने कसे करावे?

कातरवेळ :
रानवाट यांनी अचूक जागी बोट ठेवले आहे. मी हौशी लघुपटांचे संकलन करतो, म्हणून या बाजूबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

'बोर्न' या हेरपटांच्या मालिकेतील तिसरा चित्रपट २००७ च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्याला संकलनाचे ऑस्करही मिळाले. सगळ्या उद्योगाची नजर त्या शैलीवर होती. 'क्वांटम'साठी दुसऱ्या चित्रीकरण पथकाचे दिग्दर्शक म्हणून डॅन ब्रॅडली यांना घेण्यात आले, ते 'बोर्न'मधूनच; संकलक जोडीपैकी रिचर्ड पिअर्सन यांनीही त्या मालिकेतील दुसऱ्या चित्रपटावर काम केले होते. शैली उसनी घेण्यात गैर काहीच नाही. गैर झाले ते हे की तिच्यातील वेग तेवढा घेतला आणि तिचे व्याकरण मागेच राहिले. 'बोर्न'मधील लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरचा प्रसंग आठवा. कॅमेरा सतत हलत असतो, तरीही पत्रकार कुठे उभा आहे, त्याच्यावर कोण नजर ठेवून आहे आणि बोर्न त्याला फोनवरून कुठे वळायला सांगतो आहे, हे आपल्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते. प्रत्येक तुकडा एका हेतूतून पुढच्या हेतूकडे जातो. 'क्वांटम'च्या सुरुवातीला गार्डा सरोवराकाठी जो मोटारींचा पाठलाग आहे, त्यात मागून येणाऱ्या गाड्या किती आहेत हे समजेपर्यंत त्यांतली एक दरीत गेलेली असते.

याउलट मार्टिन कॅम्पबेल यांनी 'कॅसिनो रोयाल'मध्ये मादागास्करचा पाठलाग कसा रचला आहे ते पाहा. समोरचा माणूस भिंतीतल्या अरुंद झरोक्यातून मांजराच्या चपळाईने पार होतो, तर बाँड ती भिंतच फोडून बाहेर येतो. कॅमेरा पुरेसा लांब उभा आहे, म्हणून आपल्याला दोघांची शरीरे पूर्ण दिसतात आणि संवादाविना दोघांचे स्वभावही कळतात. तो पाठलाग म्हणजेच व्यक्तिचित्रण आहे. उत्तरार्धातल्या पाठलागांतून बाँडबद्दल आपल्याला नवे काहीच कळत नाही.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. हैतीतील हॉटेलच्या खोलीतली स्लेट या मारेकऱ्याबरोबरची झटापट संपल्यावर बाँड त्या मरणाऱ्या माणसाचा हात धरून, त्याची धडपड थांबेपर्यंत शांतपणे बसून राहतो. ती काही क्षणांची निश्चलता अंगावर येते. थांबले की काय साधते, हे फॉर्स्टर यांना ठाऊक होते याचा तो पुरावाच आहे.

उदगीरकर :
चर्चा चांगली चालली आहे. एका बाबतीत मात्र मी या चित्रपटाच्या बाजूने उभा राहणार आहे.

डॉमिनिक ग्रीन हा खलनायक अनेकांना फिका वाटला. माथ्यू आमाल्रिक यांच्या चेहऱ्यावर व्रण नाही, डोळ्यातून रक्त येत नाही, आणि त्याचा कट काय, तर बोलिव्हियातील पाणी अडवणे! जग नष्ट करायला निघालेल्या खलनायकांच्या तुलनेत हे क्षुल्लक आहे, असा आक्षेप मी पुष्कळ वेळा वाचला आहे. मला तो कधीच पटला नाही. बोलिव्हियातल्याच कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपवून दर वाढवल्यानंतर २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो करार रद्द करावा लागला. चित्रपटातही ग्रीन बंदूक रोखून पाणी लुटत नाही. तो बोलिव्हियाची सत्ता बळकावू पाहणाऱ्या जनरल मेड्रानोसमोर कागद ठेवतो आणि दुप्पट दराने पाणी विकत घेण्याच्या करारावर त्याची सही मिळवतो. कोरड्या नळाभोवती गोळा झालेले गावकरी एका दृश्यात दिसतात. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाण्यावर कब्जा मिळवणारा माणूस अणुबॉम्बवाल्यापेक्षा कमी भयंकर वाटण्याचे कारण नाही.

माझी निराशा अशी की इतका खरा विषय हाती असताना चित्रपट त्या गावकऱ्यांजवळ अर्धे मिनिटही रेंगाळत नाही. धागाकर्त्यांच्या म्हणण्याला माझी ही वेगळ्या वाटेने आलेली सहमती समजावी.

मेघना_क :
उदगीरकर, तुमचा प्रतिसाद वाचून तो भाग पुन्हा पाहावासा वाटू लागला आहे.

मला थोडा जुना दाखला द्यायचा आहे, कारण दुःख विसरणारा उत्तरार्ध या मालिकेत पहिल्यांदा आला असे नाही. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'च्या शेवटी बाँडची नवपरिणीत पत्नी ट्रेसी हिला गोळी लागते आणि जॉर्ज लेझन्बीचा बाँड तिला कवेत घेऊन बसलेला असतानाच चित्रपट संपतो. त्यानंतर १९७१ मध्ये 'डायमंड्स आर फॉरेव्हर' आला. शॉन कॉनरी परतले होते. तिच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या ब्लोफेल्डचा शोध आणि सूड हे सारे श्रेयनामावलीपूर्वीच्या काही मिनिटांत उरकले जाते आणि ट्रेसीचे नावसुद्धा निघत नाही. तिच्या थडग्यापाशी बाँड फुले घेऊन उभा असलेला दिसायला १९८१ चा 'फॉर युअर आइज ओन्ली' यावा लागला.

त्या तुलनेत 'क्वांटम'ने व्हेस्परला विसरायचे नाही असे ठरवले, याचे श्रेय मी त्याला देते. विमानातला प्रसंग आठवा. सहप्रवासी झोपलेले आहेत, बाँड एकटाच पीत बसला आहे आणि त्याचा जुना सहकारी मॅथिस त्याला काय पितोस असे विचारतो. बाँड आपल्याला ठाऊक नाही म्हणतो. मग तिथला सेवक पेयातील एकेक घटक सांगत जातो आणि ज्याला बाँडने पहिल्या चित्रपटात व्हेस्परचे नाव दिले होते तेच हे पेय असल्याचे आपल्या लक्षात येते. तिचे नाव न घेता तिच्याबद्दल बोलणारे हे दृश्य मला दोन्ही चित्रपटांतल्या उत्तम दृश्यांपैकी एक वाटते. तेव्हा चित्रपट कुठेही थांबत नाही, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल.

दूरदेशी :
मी दक्षिण जर्मनीत राहते. ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झचा तरंगता रंगमंच इथून फार लांब नाही. कॉन्स्टन्स सरोवराच्या पाण्यावर उभारलेला तो मंच आणि समोर सुमारे सात हजार प्रेक्षकांची उतरती आसने प्रत्यक्ष पाहिल्यावर, फॉर्स्टर यांनी हीच जागा का निवडली असेल ते लगेच समजते. तिथे त्या काळात पुचिनीच्या 'तोस्का'चा प्रयोग होत होता आणि नेपथ्य म्हणजे एक अवाढव्य डोळा होता. सर्वांवर नजर ठेवणाऱ्या गुप्त संघटनेच्या बैठकीला यापेक्षा योग्य पार्श्वभूमी मिळणे कठीण होते.

बैठकही किती कल्पक आहे! सदस्य गर्दीत विखुरलेले, कानात यंत्रे, समोर संगीतिका चालू आणि हलक्या आवाजात देशांचे सौदे. बाँड मध्येच बोलतो, घाबरलेले सदस्य उठून निघू लागतात आणि उठल्यामुळेच ओळखले जातात. जागेवरून न हललेला व्हाइट तेवढा निसटतो. त्यानंतरच्या गोळीबारात बंदुकांचा आवाज काढून घेऊन केवळ संगीत ठेवले आहे. ज्या दिग्दर्शकाने हे केले, त्याला संयम जमत नव्हता असे मी म्हणणार नाही. म्हणूनच कातरवेळ यांचा मुद्दा मला अधिक पटतो. एकाच चित्रपटात दोन वेगळ्या हातांनी काम केल्यासारखे वाटते.

रानवाट :
दूरदेशी, त्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे मला सगळे कळले आणि नौकांच्या बाबतीत काहीच कळले नाही, हे मीही आता लक्षात घेतले.

चौकस :
दोन हातांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण तोही शेवटी वेळेच्या टंचाईकडेच जातो. सिएनातील पालिओ ही घोड्यांची शर्यत मुख्य चित्रीकरणाच्या कितीतरी आधी, ऑगस्ट २००७ मध्ये, प्रत्यक्ष शर्यतीच्या वेळी टिपून घेतली होती. छपरांवरचा पाठलाग नंतर चित्रित झाला आणि दोन्ही एकमेकांत गुंफण्यात आले. शर्यतीचा पाठलागाशी अर्थाच्या पातळीवर काही संबंध आहे का, हा प्रश्न सोडवायला ज्या निवांतपणाची गरज असते, तो या निर्मितीला मिळालाच नाही. पुढच्या चित्रपटाकडे पाहा. एमजीएम ही चित्रपटकंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत निघाल्यामुळे काम खोळंबले आणि 'स्कायफॉल' यायला २०१२ उजाडले. त्या चार वर्षांत पटकथेवर सावकाश काम करता आले आणि चित्रपटाने जगभरात शंभर कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला. 'क्वांटम'चीही कमाई पडली नव्हती, ती 'कॅसिनो रोयाल'च्या जवळपास, म्हणजे साठ कोटी डॉलरांच्या आसपास, होती. त्यामुळे निर्मात्यांच्या दृष्टीने घाई फळालाच आली असणार. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र नाही.

अवांतर :
शीर्षकगीताबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. जॅक व्हाइट आणि अलिशिया कीज ही बाँडपटाच्या शीर्षकगीतासाठी एकत्र आलेली पहिली जोडी होती. गाणे मला स्वतंत्रपणे आवडते. परंतु 'कॅसिनो रोयाल'च्या गीताची चाल डेव्हिड अर्नल्ड यांनी चित्रपटभर पार्श्वसंगीतात खेळवली होती, तसे इथे जाणवत नाही. गाणे एकीकडे राहते आणि चित्रपट दुसरीकडे. त्यामुळे एक धागा कमी विणला गेला.

सोनटक्का :
मला चित्रपटाची नायिका कमील हिच्याबद्दल बोलायचे आहे, कारण 'शोकाला वेळ नाही' या तक्रारीचे उत्तर चित्रपटाने तिच्या रूपाने देण्याचा प्रयत्न केला होता असे मला वाटते. ओल्गा कुरिलेन्को यांची ही व्यक्तिरेखा म्हणजे बाँडचीच दुसरी बाजू आहे. मेड्रानोने तिच्या वडिलांना मारले, आई आणि बहिणीवर अत्याचार करून त्यांचाही जीव घेतला आणि घर पेटवून दिले. तिच्या पाठीवर आगीच्या खुणा अजून आहेत. बाँड आणि ती यांच्यात शय्यासोबत होत नाही. या मालिकेच्या प्रथेत हा फार मोठा बदल होता आणि तो योग्यच होता, कारण दोघांच्याही मनात मेलेली माणसे आहेत.

वाळवंटातल्या हॉटेलला आग लागते तेव्हा सूड पूर्ण केलेली कमील लहान मुलीसारखी कोपऱ्यात आकसून बसते. बाँड तिला जवळ घेतो, ज्वाळा वाढतात आणि तिला जळून मरावे लागू नये म्हणून तिच्यावर गोळी झाडण्याचा विचार त्याच्या मनात येऊन जातो, हे आपल्याला त्याच्या हालचालीवरून कळते. शॉवरखालच्या दृश्याचेच हे प्रतिबिंब आहे. पाण्याच्या जागी आग आहे, एवढाच फरक. पण भिंत फुटते, ते दोघे बाहेर पडतात आणि लगेचच ग्रीनचा पाठलाग सुरू होतो. हे दृश्य आणखी मिनिटभर लांबले असते, तर चित्रपटाचा मध्यबिंदूच बदलला असता.

तिसरी घंटा :
सर्वांचे मनापासून आभार. इतक्या बाजूंनी या चित्रपटाचा विचार होईल असे वाटले नव्हते.

मेघना_क आणि सोनटक्का यांनी दाखवलेली दृश्ये मलाही प्रिय आहेत, आणि माझी तक्रार त्या दृश्यांमुळेच जास्त तीव्र होते. विमानातल्या प्रसंगानंतर थोड्याच वेळात मॅथिस बाँडच्या मिठीत मरतो. मरताना तो व्हेस्परला आणि स्वतःलाही क्षमा कर असे सांगतो. दोन्ही चित्रपटांचा सारा भार या वाक्यावर आहे. त्यानंतर बाँड त्याचे प्रेत कचऱ्याच्या पेटीत टाकतो, त्याच्या पाकिटातले पैसे काढून घेतो आणि मॅथिसने याचे काही वाटून घेतले नसते असे कमीलला सांगतो. शोक करू न शकणाऱ्या माणसाची ही कृती म्हणून ती लिहिणाऱ्याचे मला कौतुक वाटते. मात्र ती पचवायला प्रेक्षकाला जो श्वास घ्यावा लागतो, तो घेऊ दिला जात नाही आणि कृती केवळ क्रूर वाटते. चौकस म्हणतात तसे संपाच्या काळात लिहिणे थांबले असेल, पण हे दृश्य तर लिहिलेले होते, चित्रितही झाले होते. त्याच्यापुढे दहा-पंधरा सेकंदांची शांतता ठेवण्यासाठी लेखकाची गरज नव्हती, संकलनाच्या टेबलावर एका निर्णयाची होती.

कातरवेळ :
संकलकाच्या बाजूने एवढेच सांगतो की तो निर्णय बहुधा एकट्या संकलकाचा नसतो. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, चित्रपट वेगवान हवा असे आधीच ठरलेले असते आणि अशा वेळी सर्वांत आधी शांत जागा कापल्या जातात, कारण त्या कापल्याने कथा तुटत नाही. नौकेचा आकडा अडकल्याचा एक स्पष्ट तुकडा आणि मॅथिसनंतरची शांतता, दोन्ही त्याच कात्रीखाली गेल्या असाव्यात असा माझा तर्क आहे.

मेघना_क :
शेवटाबद्दल लिहून थांबते, कारण मूळ प्रश्नाचा निकाल मला तिथे लागतो असे वाटते. रशियातील कझान शहरात व्हेस्परला फसवणारा युसुफ बाँडच्या समोर येतो. तो आणखी एका तरुणीला, कॅनडाच्या गुप्तहेर खात्यातील मुलीला, व्हेस्परकडे होता तसाच हार देऊन जाळ्यात ओढत असतो. बाँड त्या मुलीला सावध करून बाहेर पाठवतो आणि युसुफला जिवंत ठेवतो. बाहेर बर्फात बाँडची वरिष्ठ, गुप्तहेर खात्याची प्रमुख एम उभी असते. ती त्याला परत ये म्हणते, तो आपण कधी गेलोच नव्हतो असे उत्तर देतो आणि चालता चालता व्हेस्परचा हार बर्फात टाकून देतो. बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड, जो प्रथेप्रमाणे आरंभी यायला हवा, तो इथे अगदी शेवटी येतो.

माझ्या मते हा शेवट ग्रीनच्या शेवटापेक्षा कितीतरी मोठा आहे. ग्रीनला वाळवंटात मोटारीच्या तेलाचा डबा देऊन सोडून देण्यात सूड आहे. युसुफला न मारण्यात बाँडचा बदल आहे. तरीही वाळवंटातल्या स्फोटांना चित्रपटाने भरपूर वेळ दिला आणि कझानची ती अंधारी खोली जवळजवळ उपसंहारासारखी उरकली. बंद दाराआड बाँड आणि युसुफ यांच्यात काय बोलणे झाले, ते आपल्याला ऐकू येत नाही. ते मुद्दाम गाळले असे कुणी म्हणेल, पण मला ते बोलणे ऐकायचे होते.

चौकस :
मेघना_क, ते बोलणे ऐकायला मिळाले असते, तर संपाबद्दलचा माझा सगळा युक्तिवाद मी आनंदाने मागे घेतला असता.